पाच चाकं, तीन मापं

जुन्या स्पोर्ट्स गाडीच्या टायरांचा विषय निघाला की आमच्या भागात दोन मतं हमखास ऐकायला मिळतात. मागं रुंद टायर घातले की गाडी जोरात सुटते, हे एक. पुढं रुंद घातले की गाडी मस्त वळते, हे दुसरं. दोन्हींत थोडं तथ्य आहे, म्हणूनच ती टिकून आहेत. पण त्या थोड्या तथ्यापायी चांगली, सरळ स्वभावाची गाडी पार बिघडून जाते आणि ती बिघडलीय हे मालकाच्या लक्षातही येत नाही. तो म्हणतो, जुनी गाडी आहे, अशीच चालायची. या वाक्याचा मला राग येतो. त्या गाड्या नव्या होत्या तेव्हा अशा चालत नव्हत्या, आणि आजही तशा चालायचं काही कारण नाही.

निपाणीच्या मामांची एमजीबी, म्हणजे इंग्लंडात बनलेली छोटी स्पोर्ट्स गाडी, 1971 ची. त्या काळी वकिलातींतले परदेशी लोक बदली होऊन जाताना गाड्या इथंच सोडून जायचे आणि स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन त्यांचा लिलाव करायची. ही गाडी अशीच देशात राहिली, दोन-तीन हात फिरली आणि पुण्यातून मामांकडं आली. मामांची तंबाखूची वखार आहे. तिथल्या पडवीत ती उभी असते, आणि पोती उतरवायला आलेली माणसंसुद्धा जाता जाता बॉनेटवरून हात फिरवून जातात. गाडी आली तेव्हा तिला पुढं 185/60, मागं 165/80 आणि डिकीत स्टेपनी म्हणून 175/65 असे टायर होते. पाच चाकं, तीन मापं. रिम तेवढी सगळ्यांची 14 इंची.

आधीच्या मालकाचा यात काही वाईट हेतू असेल असं मला वाटत नाही. पुढचे टायर संपले, दुकानात 14 इंचात जे रुंद आणि दिसायला भारी होतं ते बसवलं. रुंद टायरानं गाडीचं नाक खाली गेलं, मागचा भाग उचलल्यासारखा झाला, फोटोत गाडी झकास दिसायला लागली. मागचे टायर चालतायत म्हणून चालू ठेवले.

मामांची तक्रार दोन प्रकारची होती. तवंदी घाट उतरून हायवेला लागलं की स्टेअरिंग हातात राहत नाही, सारखं धरून ठेवावं लागतं. आणि पावसात बेळगावहून चोर्ल्याच्या रस्त्यानं गोव्याला जाताना जांबोटीच्या पुढं वळणावर मागचा भाग सटकतो. मामा आयुष्यभर गाड्या चालवत आलेले, ॲम्बॅसेडरपासून ट्रकपर्यंत. तरी म्हणाले, "माझंच हात ढिलं पडल्यात काय रे?" हे मला फार लागलं. गाडीच्या चुकीचं खापर माणूस स्वतःच्या वयावर फोडतो, हे मी बऱ्याच म्हाताऱ्या चालकांच्या बाबतीत पाहिलंय.

मी उद्यमबागेत लेथवर वाढलेला माणूस. आमच्याकडं कुठल्याही तक्रारीची सुरुवात मोजमापानं होते. वखारीपुढं फरशीचा सपाट पट्टा आहे. तिथं गाडी उभी केली, चारही टायरांत हवा नेमकी केली, आणि प्रत्येक टायर जिथं जमिनीला टेकलाय तिथं टायरवर एक आणि फरशीवर एक अशी खडूची खूण केली. मग गाडी हातानं ढकलत चाकाची एक पूर्ण फेरी होऊ दिली आणि दोन खुणांमधलं अंतर टेपनं मोजलं. मागचं चाक एका फेरीत पुढच्यापेक्षा चांगलं वीतभर नसलं तरी चार-पाच बोटांहून बरंच जास्त पुढं जात होतं. कागदावरचं गणितही तेच सांगतं. 165/80 आर14 म्हणजे टायरची रुंदी 165 मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या 80 टक्के, म्हणजे 132, आणि रिम 14 इंच, म्हणजे 355.6. वरची भिंत, खालची भिंत आणि रिम मिळून व्यास जवळजवळ 620 मिलिमीटर. 185/60 ची भिंत 111 मिलिमीटर, व्यास 578 च्या आसपास. रुंद टायर उलट बुटका निघाला. एका फेरीत फरक साधारण 13 सेंटीमीटरचा. वजनाखाली टायर थोडा दबतो, त्यामुळं टेपवरचे आकडे कागदापेक्षा जरा कमी येतात, पण दोन टायरांमधला फरक राहतोच.

व्यासात 42 चा फरक म्हणजे गाडीचं नाक 21 मिलिमीटरनं खाली. 21 मिलिमीटर म्हटलं की कुणालाच काही वाटत नाही. पण एमजीबीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर 2311 मिलिमीटर. एवढ्या लांबीत नाक 21 नं उतरलं की अख्खी गाडी अर्ध्या अंशानं पुढं झुकते. त्याबरोबर पुढच्या चाकांचा कॅस्टर, म्हणजे चाक ज्या कण्याभोवती वळतं त्याचा मागं झुकलेला कोन, तोही अर्ध्या अंशानं कमी होतो. वळण संपल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ येतं, गाडी सरळ रस्त्यावर सरळ जाते, हे सगळं कॅस्टरचं काम. ते कमी झालं की स्टेअरिंग हलकं लागतं आणि सरळ रस्त्यावर भरकटतं. मामांच्या पहिल्या तक्रारीतला निदान एक हिस्सा तिथंच सापडला. अलाइनमेंटच्या मशीनवर टो-इन, म्हणजे पुढची चाकं समोरून किती आत वळलीत ते माप, कितीही जुळवला तरी हा हिस्सा सुटला नसता, कारण बिघाड टायरच्या भिंतीत होता.

दुसरा हिस्सा रिममध्ये होता. या गाडीला तारांची चाकं आहेत, रिमची रुंदी साडेचार इंच. 185/60 टायरला किमान पाच इंचाची रिम लागते. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात आणि मधला भाग फुगून वर येतो. ते बघायला खडूच पुरतो. नक्षीच्या आडवी, या कडेपासून त्या कडेपर्यंत खडूची जाड रेघ मारायची, गाडी सरळ थोडी पुढं न्यायची आणि वाकून बघायचं. मागच्या टायरवरची रेघ सगळीकडं सारखी पुसली गेली होती. पुढच्या टायरवर मधला पट्टा साफ झाला होता आणि दोन्ही कडांना खडू जसाच्या तसा पांढरा. म्हणजे 185 चे पैसे देऊन रस्त्याला लागत होता तो मधला पट्टाच. मामा गुडघ्यावर हात ठेवून किती तरी वेळ त्या रेघेकडं बघत होते.

आता पावसात शेपूट का सुटतं त्याकडं येतो, कारण जिवाशी गाठ आहे ती तिथं.

वळताना चाक ज्या दिशेला बघत असतं, त्याच दिशेला गाडी तंतोतंत जात नाही. रबर थोडं पिळवटतं, आणि चाकाची दिशा व प्रत्यक्ष जाण्याची दिशा यांत बारीक कोन पडतो. त्याला स्लिप अँगल म्हणतात. पुढच्या टायरांचा कोन मागच्यांपेक्षा जास्त पडला तर गाडी वळणाच्या बाहेर रेंगाळते, तो अंडरस्टिअर. मागच्यांचा जास्त पडला तर शेपूट बाहेर जातं आणि नाक आत घुसतं, तो ओव्हरस्टिअर. 1930 च्या दशकात जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विषय शास्त्रशुद्ध पद्धतीनं मांडला. ऑली आधी रोल्स-रॉईसमध्ये होते. गाडी कशी वळते हे चालकाच्या कसबाइतकंच टायर आणि स्प्रिंग यांच्यावर ठरतं, आणि ते मोजता येतं, ही समज त्या पिढीनं दिली.

एमजीबीचं वजन पुढं-मागं जवळजवळ निम्मं-निम्मं. इंजिन पुढं, चाल मागच्या चाकांना, मागं साधा सलग ॲक्सल आणि पाटे. यात अवघड काही नाही. 1962 ते 1980 पर्यंत इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला ही गाडी बनत होती, आणि एवढ्या वर्षांत तिचं पुढचं आणि मागचं टायरचं माप नेहमी एकच राहिलं. फरक ठेवला तो हवेच्या दाबात. रोडस्टरला, म्हणजे उघड्या टपाच्या एमजीबीला, पुढं 21 पौंड, मागं 24. मागं तीन पौंड जास्त ठेवले की मागचा टायर जरा ताठ राहतो आणि त्याचा स्लिप अँगल कमी पडतो. एवढ्यावर गाडीचा तोल बांधलेला आहे.

आणि मामांच्या गाडीत पुढचे टायर नवे, मागचे जुने. टायरच्या भिंतीवर शेवटचे चार आकडे बघायचे. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. मागच्यांवरचे आकडे धूळ पुसून वाचले तेव्हा कळलं की नक्षी भरपूर शिल्लक असली तरी रबराचं वय होऊन गेलंय. नख रुतत नव्हतं. नक्षीच्या फटीत, भिंतीला लागून, केसाएवढ्या चिरा होत्या. बंद गाड्यांचं हेच होतं. कमी चालल्यामुळं टायर झिजत नाही, नुसता वाळतो, आणि नक्षी बघून माणूस फसतो. असं वाळलेलं रबर कोरड्या डांबरावर कसंबसं निभावतं. चोर्ल्याच्या पावसात, शेवाळ धरलेल्या सावलीच्या वळणावर, ते निभावणार कसं? पुढचं नवं रबर धरतंय, मागचं सोडतंय, म्हणजे गाडी फिरणार. मामांच्या हातांचा त्यात काही संबंध नव्हता.

इथं टायरच्या दुकानदारांशी माझं कायमचं भांडण आहे. दोनच टायर घ्यायचे असले की जवळपास प्रत्येक जण सांगतो, "नवीन पुढं घाला मालक, स्टेअरिंग तिथं असतंय." ऐकायला पटतं. पण पुढचे टायर सुटले तर ते चालकाला लगेच कळतं, गाडी वळत नाहीय हे हाताला जाणवतं, पाय आपोआप वर येतो, वेग कमी होतो आणि बहुतेक वेळा गाडी पुन्हा धरते. मागचे सुटले की कळायला आणि गाडी आडवी व्हायला एकच क्षण असतो. घाबरून पाय उचलला की वजन पुढं जातं, मागचे टायर आणखी हलके होतात आणि आणखी सुटतात. म्हणून चांगली पकड असलेले टायर मागं. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असो वा मागच्या, जुनी असो वा नवी. एवढं एक जरी लोकांनी ऐकलं तरी पावसाळ्यातले कितीतरी अपघात टळतील असं मला मनापासून वाटतं.

"मग मोठ्या स्पोर्ट्स गाड्यांना मागं रुंद टायर कंपनीच घालते की," मामा म्हणाले. बरोबर आहे, घालते. पण कशी घालते ते बघायला पाहिजे.

पोर्शे 911 चं इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागं टांगलेलं. सुरुवातीच्या 911 ला चारही टायर एका मापाचे होते आणि तिचं शेपूट सुटायचं. कंपनीनं पुढच्या बंपरमध्ये वजन भरून बघितलं. मग 1969 च्या मॉडेलला मागची चाकं 57 मिलिमीटर मागं सरकवली. 1973 च्या करेरा आरएस 2.7 ला पुढं सहा इंची रिमवर 185/70 आणि मागं सात इंची रिमवर 215/60 असे टायर दिले, रिम 15 इंची. आता याचं गणित करा. पुढची भिंत 129.5, मागची 129. पुढचा व्यास 640 मिलिमीटर, मागचा 639. रुंदीत 30 मिलिमीटरचा फरक आणि उंचीत फक्त एकाचा! हे मी पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा हरखून गेलो होतो. वजन मागं होतं म्हणून रुंदी मागं वाढवली, पण गाडीची बैठक, कॅस्टर, गिअरचं गणित यांतलं काही हललं नाही. रिमसुद्धा टायरच्या मापाप्रमाणं रुंद केली. दोन मापं एकत्र नांदवायची तर ती अशी.

खरं तर हे समजवायला पोर्शेपर्यंत जायचीही गरज नाही. निपाणी-चिकोडी पट्ट्यात उसाच्या दिवसांत रस्त्यावर बघाल तिकडं ट्रॅक्टर. पुढं 6.00-16 चं चाक, मागं 13.6-28 चं. टू-व्हील ट्रॅक्टरला हे चालतं, कारण पुढचं चाक नुसतं फिरतं, इंजिनाशी त्याचं देणंघेणं नाही. पण फोर-व्हील ट्रॅक्टरमध्ये पुढच्या ॲक्सललाही चाल असते. पुढचं चाक लहान, म्हणून त्याला जास्त फेऱ्या द्याव्या लागतात, आणि तेवढ्या फेऱ्यांचं गणित गिअरमध्ये कायमचं बसवलेलं असतं, पुढची चाकं किंचित ओढत राहतील असं. तिथं पुढं वेगळ्या उंचीचा टायर घातला की पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांशी झगडतात, टायर खरवडून निघतात आणि शेवटी गिअर जातात. ट्रॅक्टरवाल्या शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. टायर बदलताना तो आधी पुढचं माप मागच्याशी जुळतंय का ते विचारतो. मामांनाही ट्रॅक्टरचं उदाहरण दिल्याबरोबर पटलं. पोर्शेचं त्यांनी नुसतं ऐकून घेतलं होतं.

एमजीबीची चाल फक्त मागच्या चाकांना, म्हणून असा झगडा तिच्यात होत नाही. तिचा स्पीडोमीटरही गिअरबॉक्सवरून चालतो, म्हणजे मागच्या टायरांच्या उंचीवर अवलंबून. हेच 185/60 मागं घातले असते तर काटा 100 दाखवत असताना गाडी 93 च्या आसपास असती. डावा एक आणि उजवा एक असे वेगळ्या उंचीचे घातले तर मात्र सरळ रस्त्यावरसुद्धा डिफरन्शिअल, म्हणजे वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या फेऱ्या घेऊ देणारे मागचे गिअर, सतत फिरत राहतं, तापतं, आणि ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते. ते कधीच करू नये. स्टेपनी वेगळ्या मापाची असेल तर पंक्चर झाल्यावर नेमकं तेच होतं, म्हणून तिला फक्त पंक्चरवाल्याच्या दुकानापर्यंतच सोबतीला घ्यायचं.

जुन्या लोकांना आणखी एक मिश्रण आठवत असेल, नायलॉन म्हणजे आडव्या-तिडव्या धाग्यांचे जुने टायर आणि रेडियल यांचं. मिशलॅननं रेडियलचं पेटंट 1946 मध्ये घेतलं, पण आपल्याकडं ॲम्बॅसेडर 5.90-15 वर आणि पद्मिनी 5.20-14 वर कितीतरी वर्षं नायलॉन टायरांवरच धावल्या. एमजीबीही सुरुवातीला 5.60-14 च्या तशाच आडव्या-तिडव्या धाग्यांच्या टायरांवर निघाली होती. रेडियलची भिंत लवचिक आणि नक्षीखालचा पट्टा ताठ, त्यामुळं वळणावर त्याचा स्लिप अँगल नायलॉनपेक्षा बराच कमी. पैशाअभावी दोनच रेडियल घ्यायचे झाले तर ते मागं, नायलॉन पुढं. उलट केलं की शेपूट सुटायचं. माप एक असूनही गाडी बिघडायची. म्हणजे भिंतीवरचा आकडा जुळला म्हणून टायर जुळले असं नसतं. बांधणी, वय, रबर, हवा, सगळं जुळावं लागतं.

मामांना मी एकच सुचवलं. पाच टायर, एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे, 165/80 आर14. या मापाचं नशीब चांगलं. आपल्याकडं स्विफ्टच्या साध्या मॉडेलला हेच माप येतं, त्यामुळं निपाणीत काय, संकेश्वरात काय, कुठंही मिळतं. भिंतीवर 85टी असतं, टी म्हणजे ताशी 190 किलोमीटरपर्यंतची हमी. एमजीबी तिथवर पोचतच नाही. इंग्लंडातल्या लोकांना या मापासाठी खास जुन्या गाड्यांच्या टायरांवर पैसे मोजावे लागतात, आणि आपल्याला गल्लीतल्या दुकानात मिळतंय, याचं मला खरोखर कौतुक वाटतं.

बसवताना मात्र मी दुकानात उभा राहिलो. तारांच्या चाकात तारांच्या भोकांतून हवा जाते, म्हणून टायर ट्यूबलेस असला तरी आत ट्यूब लागतेच. नव्या टायरच्या आत कागदाची पट्टी चिकटवलेली असते, बारकोडची. ट्यूबलेसमध्ये ती कुणाला त्रास देत नाही. पण ट्यूब घातली की ती पट्टी दर फेरीला ट्यूबवर घासते, आणि काही महिन्यांनी कारण न कळता हवा बसायला लागते. ती खरवडून काढली, आतला भाग हातानं चाचपून बघितला, तारांच्या डोक्यांवर नवा रिम टेप गुंडाळला, ट्यूबला पावडर लावली. दुकानातला पोरगा कन्नडमध्ये मालकाला म्हणाला की हे काम एका गाडीत चार गाड्यांचं होतंय. त्याला चहा पाजला. पोरगं मन लावून काम करत होतं, आणि दुसऱ्या चाकापासून पट्टी त्यानंच आधी काढायला सुरुवात केली.

नंतर हवा पुस्तिकेप्रमाणं 21-24 भरली. आपल्या खड्ड्यांना ती कमी पडते असं दिसलं, तेव्हा दोन्हीकडं सारखी चढवली, मागं तीन पौंड जास्त हा फरक मात्र सोडला नाही.

तवंदीच्या घाटात मामांनी दोन बोटांवर स्टेअरिंग धरून दाखवलं. चोर्ल्याला आम्ही श्रावणातच गेलो, मुद्दाम. कणकुंबीच्या अलीकडं धो धो पाऊस, धुकं, समोर गोव्याकडून येणाऱ्या ट्रकांचे दिवे. वळणावर गाडी थोडी बाहेर सरकायची, मामा पाय जरा हलका करायचे, ती परत आत यायची. पुढची आणि मागची चाकं एकाच वेळी, एकाच प्रमाणात सैल पडत होती आणि एकाच वेळी धरत होती. एमजीबी फार वेगवान गाडी नाही, तिच्याहून वेगानं आजची साधी हॅचबॅक जाते. पण ती काय करणार आहे हे ती आधी सांगते, आणि त्यासाठीच लोकांनी ती साठ वर्षं जपलीय. अरुंद टायरांवर हे सांगणं सावकाश आणि स्पष्ट येतं. रुंद टायर जास्त वेळ गप्प राहतात आणि मग एकदम सोडतात. पाण्यावर तरंगायलाही रुंद टायर आधी लागतो.

आता मामांच्या डोक्यात 185/70 घुसलंय. कुणीतरी सांगितलं की परदेशात एमजीबीला हे माप सर्रास घालतात. ते खरं आहे. व्यास 615 मिलिमीटरच्या जवळ, म्हणजे 165/80 पेक्षा पाचच मिलिमीटर कमी. चारही घातले तर बैठक बिघडणार नाही, स्पीडोमीटरही जागेवर राहील. साडेचार इंची रिमवर मात्र ते ओढूनताणून बसतं, आणि स्टेअरिंगला पॉवर नसल्यामुळं बाजारात गाडी लावताना मामांच्या खांद्याला ते जाणवणार. शिवाय मागच्या डाव्या मडगार्डच्या आतल्या कडेला आत्ताच जेमतेम बोट जातंय. मामांना म्हटलं, आधी मागं दोन माणसांएवढी पोती ठेवून पाटे दाबले गेल्यावर तिथं किती जागा उरते ते मोजू. मामा म्हणाले, पोती वखारीत पडलीच आहेत, रविवारी ये आणि टेप घेऊन ये.